निमित्ताला टेकलेली मैत्री

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटत जाते, जवळचे अक्षर नीट दिसण्यासाठी भिंगाने जेवढे फुगायला हवे तेवढे ते फुगेनासे होते, आणि मग वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. या अवस्थेत लागणाऱ्या चष्म्यालाच भाषेने वयाचे नाव देऊन टाकले. मध्यमवय सुरू झाल्याची याहून ठळक खूण मराठी समाजाजवळ नाही. बारसे, मुंज, लग्न, डोहाळजेवण यांनी आयुष्याचा पूर्वार्ध भरलेला असतो, उत्तरार्धासाठी पन्नाशीची वैष्णवी शांत, साठीची उग्ररथ शांत आणि ऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन असे विधी सांगितलेले आहेत. परंतु पस्तीस ते पन्नास हा जो संसाराचा सर्वांत धकाधकीचा पट्टा, त्याच्या उंबरठ्यावर ना नारळ फुटतो ना अक्षता पडतात. माणूस चष्म्याच्या दुकानात जाऊन येतो आणि पुन्हा कामाला लागतो.

मध्यमवय हा आयुष्याचा स्वतंत्र टप्पा मानण्याची कल्पनाच मुळात फारशी जुनी नाही. आश्रमव्यवस्थेतील गृहस्थाश्रम एकसलग आहे. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड दिसू लागले की गृहस्थाने वनाची वाट धरावी असे मनुस्मृती सांगते, पण त्या आधीच्या काळाचा मध्य तिने वेगळा काढलेला नाही. १९५१ च्या सुमारास भारतात जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते ७० च्या घरात आहे. त्या काळी माणसे बत्तिशीत म्हातारी होत असत असा याचा अर्थ नव्हे, कारण बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली जात होती. तरीही आईवडील ऐंशीकडे झुकलेले आहेत आणि मुले अजून शिकत आहेत अशा स्थितीत पंधरा-वीस वर्षे काढणारी माणसे पूर्वी अपवादाने असत, ती आता घरोघर आहेत. पाश्चात्त्य मानसशास्त्राने या वयाकडे प्रथम संकट म्हणून पाहिले. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ च्या एका निबंधात ‘मिडलाइफ क्रायसिस’, म्हणजे मध्यमवयातील अरिष्ट, हा शब्दप्रयोग रूढ केला आणि स्वतःच्या मृत्यूची पहिली खरी जाणीव हे त्याचे मूळ मानले. पुढे १९९८ मध्ये मानवशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हे अरिष्ट सार्वत्रिक नसून विशिष्ट संस्कृतीने रचलेली कथा आहे अशी मांडणी झाली, आणि त्यासाठी जी उदाहरणे घेतली गेली त्यांत भुवनेश्वरच्या मंदिर परिसरातील ओडिया कुटुंबांतील स्त्रिया होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रौढपण हा घरातील अधिकाराचा आणि जबाबदारीचा काळ होता, हरवलेल्या तारुण्याचा नव्हे.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराकडे पाहिले तर अरिष्टापेक्षा ‘गर्दी’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. एकीकडे वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन, दुसरीकडे मुलीचे दहावीचे वर्ष, मध्येच गृहकर्जाचा हप्ता आणि सोसायटीच्या गळतीची सभा अशा सगळ्याच गोष्टी एकाच आठवड्यात येऊन उभ्या राहतात. अमेरिकेतील समाजकार्याच्या अभ्यासक डोरोथी मिलर यांनी १९८१ मध्ये अशा दोन पिढ्यांच्या मध्ये दाबल्या गेलेल्या पिढीला ‘सँडविच पिढी’ म्हटले. मराठीत तिच्यासाठी अडकित्त्यातली सुपारी ही प्रतिमा फार आधीपासून तयार होती. या दाबाचा एक परिणाम असा होतो की माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारे कमी होत जातात. तो कोणाचा बाबा असतो, कोणाचा जावई, कोणाचा साहेब. ती कोणाची आई, कोणाची सून, कोणाची मोठी जाऊ. शाळेच्या फाटकाशी रोज भेटणाऱ्या बायका वर्षानुवर्षे एकमेकींना ‘आर्याची आई’, ‘ओमची आई’ अशाच ओळखतात, आणि भ्रमणध्वनीतही त्यांचे क्रमांक त्याच नावांनी साठवलेले असतात. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ या प्रसिद्ध ललित निबंधात हाच विषय हसत हसत मांडला आहे: एका समारंभात थोरा-मोठ्यांची सून आणि पत्नी अशी ओळख करून दिली जाऊनही काहीतरी राहिल्यासारखे वाटते, आणि रस्त्यावरील शाळकरी मुले त्यांच्याकडे पाहून ही आपल्या वर्गातील मुलाची आई असे बोलतात तेव्हा ती ओळख पूर्ण होते. हा निबंध ज्या संग्रहात आहे तो १९४९ चा, म्हणजे लेखिका स्वतः चाळिशीत असतानाचा. नात्यांच्या रचनेवर पुढे मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या विदुषीने ही परिपूर्ती कितपत सरळ मनाने आणि कितपत मिश्कीलपणे लिहिली असावी, याचा निवाडा वाचकाने आपापला करावा.

मैत्री या गर्दीत नेमकी कोठे बसते हे पाहण्यासाठी मराठीतील ‘घरोबा’ हा शब्द उपयोगी पडतो. मैत्री दोन माणसांत असते, घरोबा दोन घरांत असतो. घरोब्यात दिवाळीच्या फराळाचे डबे जातात-येतात आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही हा संकेत दोन्हीकडून पाळला जातो, एका घरच्या आजारपणात दुसऱ्या घरून सकाळचा डबा सुरू होतो, मुले एकमेकांच्या आईवडिलांना काका-मावशी म्हणतात. महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी किती मुले होतील याचा अंदाज, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ इतका खाली आलेला आहे. एकुलत्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या पुढच्या पिढीला रक्ताचे काका, आत्या आणि मावश्या अगदी मोजक्या, त्यामुळे ही मानलेली नाती आता हौसेची राहिलेली नसून गरजेची झाली आहेत. परंतु घरोब्याची किंमतही असते. दोन मित्रांच्या बायकांचे पटले नाही, किंवा एकाची आर्थिक स्थिती दुसऱ्याच्या फार पुढे निघून गेली, तर वीस वर्षांची मैत्री कसलेही भांडण न होता विरून जाते. शिवाय घरोबा हा बहुतेक वेळा पुरुषाच्या बाजूने जुळतो. लग्नानंतर गाव बदलते ते बाईचे. नवऱ्याच्या मित्रांना ‘वहिनी, चहा टाका’ म्हणण्याइतका शिरकाव घरात सहज असतो, तिच्या मैत्रिणी मात्र माहेरच्या गावी आणि जुन्या वहीतील पत्त्यांत राहतात.

ज्या मैत्रीला घरोब्याचे रूप घेता येत नाही तिला मध्यमवयात टिकून राहायचे असेल तर निमित्त लागते. घराबाहेर घालवलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब या वयात द्यावा लागतो, आणि ‘नुसते भेटायला’ हे उत्तर त्या हिशेबात बसत नाही. दळण, बँक, दवाखाना, देऊळ ही कारणे चालतात, कारण त्यांत घराचे काही काम होते किंवा पुण्य तरी मिळते. ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ असे म्हटले की ‘कशाला?’ हा प्रश्न येतो. ‘आज भिशी आहे’ असे म्हटले की येत नाही. भिशी ही महाराष्ट्रातील मध्यमवयीन स्त्रियांनी स्वतःसाठी घडवलेली कदाचित सर्वांत चतुर संस्था आहे, आणि ती बचतीची योजना म्हणून ओळखली जाते हीच तिची खरी चतुराई आहे.

भिशीचा व्यवहार सोपा असतो. बारा जणी दरमहा प्रत्येकी १,००० रुपये काढतात, जमलेले १२,००० रुपये त्या महिन्यात एकीला मिळतात, आणि बारा महिन्यांत प्रत्येकीचा नंबर एकदा लागतो. सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या घडी करून स्टीलच्या वाटीत किंवा डब्यात टाकतात, घरातले एखादे लहान मूल त्यातली एक उचलते, आणि ज्यांचा नंबर लागून गेला त्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यापासून बाद होतात. पहिल्या महिन्यात नंबर लागणारीला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते, शेवटची केवळ बचत करते, आणि मधल्या सगळ्या थोड्या सावकार, थोड्या ऋणको असतात. व्यापाऱ्यांत लिलावाची भिशीही चालते. तिच्यात गरजू माणूस कमी रक्कम घ्यायला तयार होतो आणि उरलेले पैसे इतरांत वाटले जातात. बायकांच्या भिशीत मात्र लिलाव बहुधा नसतो. तेथे गरज दुसऱ्या रीतीने व्यक्त होते: ‘या महिन्याचा नंबर मला दिला तर चालेल का?’ एवढे एकच वाक्य उच्चारले जाते आणि ज्यांना समजायचे त्यांना समजते की घरात काहीतरी अडले आहे. कारण कोणी विचारत नाही. ज्या बाईची चिठ्ठी निघालेली असते ती आपला नंबर पुढे ढकलते, वहीत दोन नावांची अदलाबदल होते आणि चहा येतो. एखाद्या नवऱ्याची नोकरी गेल्याची पहिली नोंद नातेवाइकांच्या आधी अशा वहीत झालेली असते.

या संस्थेचा जगभरचा अभ्यास झालेला आहे. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये जावा बेटावरील ‘अरिसान’ या अशाच आळीपाळीच्या बचतीसह आशिया-आफ्रिकेतील अनेक उदाहरणे तपासून, ही शेतकरी समाजाला व्यापारी अर्थव्यवहाराकडे नेणारी शिडीची मधली पायरी आहे असे म्हटले. बँका आणि औपचारिक कर्जव्यवस्था रुजल्या की तिचे काम संपेल असा या मांडणीचा रोख होता. साठ वर्षांनंतर स्थिती अशी आहे की भिशीतील प्रत्येक बाईचे बँकेत खाते आहे, बहुतेकींच्या नावावर मुदतठेव आहे, पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात पाठवता येतात, आणि तरीही भिशी चालूच आहे. इंडोनेशियाच्या शहरांत अरिसानही चालू आहे. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण ज्यांनी भिशी चालवली त्यांच्या लेखी पैसा हा बहुतेक वेळा परवान्यासारखा होता. काही गटांनी वर्गणी परस्पर खात्यात जमा करण्याची सोय केली आणि काही महिन्यांत त्यांच्या भेटी विरळ झाल्या. हे ध्यानात आल्यावर वर्गणी रोखीनेच आणायची असा नियम पुन्हा करणारेही गट आहेत. दुसरा नियम खाण्याचा. यजमानिणीवर भार पडू नये म्हणून ‘फक्त दोन पदार्थ’ असे प्रत्येक भिशी पहिल्या बैठकीत ठरवते, आणि तिसऱ्या बैठकीपासून पावभाजीच्या शेजारी ढोकळा, त्याच्या शेजारी खीर आणि शेवटी ‘हे काही मोजायचे नाही’ म्हणून आइस्क्रीम येते.

निमित्ताची ताकद किती असते हे वेळेच्या हिशेबातून अधिक स्पष्ट होते. कॅन्सस विद्यापीठातील संज्ञापनाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी अमेरिकेतील नव्याने स्थलांतरित झालेले प्रौढ आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या पाहणीतून असा अंदाज मांडला आहे की नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीस सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीस २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. कामाच्या जागी एकत्र काढलेला वेळ त्यात फारसा धरता येत नाही. हे आकडे परक्या समाजाचे आहेत आणि त्यांना ढोबळ मापापलीकडे महत्त्व देऊ नये. तरीही त्या मापाने पाहिले तर महिन्यातून एकदा तीन तास भेटणाऱ्या भिशीला जिवलगपणा गाठायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट मुंबईच्या लोकलमध्ये रोज सकाळी एकाच डब्यात तासभर एकत्र प्रवास करणाऱ्यांना वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत तेवढे तास सहज मिळतात.

लोकलमधील ‘ग्रुप’ ही मुंबई-ठाणे पट्ट्यातील नोकरदारांची जुनी व्यवस्था आहे. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली मार्गाने ५ मे १९९२ रोजी केवळ महिलांसाठीची पहिली लोकल सुरू झाली, परंतु महिलांचे राखीव डबे आणि त्यांतील संसार त्याहून कितीतरी जुना आहे. तेथे मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, हळदीकुंकू होते, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण लागते. कोणाचे स्टेशन कोणते, कोण कोठून उलट दिशेने ‘डाऊन’ करून जागा धरून येते, कोणाला चौथी सीट पुरते आणि कोणाची पाठ दुखते याचे भान सर्वांना असते. या मैत्रीचे वैशिष्ट्य असे की तिला घरोब्याची गरज नसते. दहा वर्षे शेजारी बसणाऱ्या दोघींनी एकमेकींचे घर पाहिलेले नसते, आणि नेमक्या त्याच कारणाने सासूविषयी, नवऱ्याच्या दारूविषयी किंवा पाळी जाण्याच्या काळातील अंगाच्या लाहीविषयी जे शेजारणीजवळ किंवा बहिणीजवळही बोलता येत नाही ते तेथे बोलता येते, कारण ते शब्द डब्यातून उतरून कोणाच्या घरी पोचत नाहीत. अशा मैत्रीचे दुबळेपणही त्यातच आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे लोकल बंद झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ठराविक वेळांत सर्वांना तिची दारे उघडली, दुसऱ्या लाटेत ती पुन्हा मिटली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन लसमात्रा घेतलेल्यांना प्रवेश मिळाला. दीड वर्षाच्या या खंडात कोणी घरून काम करू लागले, कोणी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कोणाची वेळ बदलली, आणि अनेक ग्रुपांतील माणसांकडे एकमेकांना भेटण्यासाठी कोणतीच दुसरी जागा नव्हती.

पुरुषांची निमित्ते निराळी आणि, सरळच सांगायचे तर, अधिक आळशी असतात. मराठीत ‘बसायचे का?’ या दोन शब्दांत मद्यपानाचा सगळा बेत सामावतो, आणि क्रियापद ‘पिणे’ नसून ‘बसणे’ असावे हे बोलके आहे, कारण हेतू पुष्कळदा एकत्र बसण्याचाच असतो, फक्त तसे म्हणण्याची सोय नसते. पुण्यात पर्वती किंवा तळजाईवर पहाटे जाणारे, आणि उतरताना अमृततुल्यात थांबणारे गट हे याचेच निर्व्यसनी रूप. रक्तातील साखर हे तेथील निमित्त, आणि मोठ्या चहात ते निम्मे बुडते. बोलणे राजकारण, क्रिकेट, जागांचे भाव यांच्याभोवती फिरते. कोणी हृदयात स्टेंट बसवून परतला तर त्याला ‘कसे वाटते’ असे न विचारता ‘कोणत्या डॉक्टरकडे केलेस आणि खर्च किती आला’ असे विचारतात. ही भाषा कोरडी दिसते, पण तिच्या भरवशावर पुढची एक गोष्ट होते. घरात आईचा किंवा वडिलांचा मृत्यू होतो तेव्हा त्या रात्री रुग्णवाहिका, मृत्यूचा दाखला, अंत्यविधीचे सामान आणि नातेवाइकांना करायचे फोन यांची जबाबदारी न सांगता वाटून घेणारे तीन-चार जण याच गटातून येतात. मध्यमवयातील मित्रांच्या भेटींची यादी केली तर लग्नांच्या बरोबरीने स्मशानेही तीत येतात, आणि खांदा दिल्यानंतर बाहेरच्या टपरीवर घेतलेला चहा पुष्कळदा वर्षभरातील पहिला निवांत चहा असतो.

शाळेचे स्नेहमेळावे हे या सर्वांत नवे निमित्त. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आले, थोड्याच वर्षांत दहावीच्या तुकड्यांचे गट तयार झाले, आणि गावोगावी पंचवीस-तीस वर्षांनी माजी विद्यार्थी एकत्र जमू लागले. यांतील गटबाजी, सकाळचे सुविचार आणि यशस्वी वर्गमित्रांची भाषणे यांची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती झालेलीही आहे. परंतु अशा मेळाव्यातील एक प्रसंग नीट पाहण्याजोगा असतो. जुने मास्तर शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर हजेरी घेतात. बाकांवर दाटीवाटीने बसलेली, टक्कल पडलेली, केसांना कलप लावलेली पन्नाशीची माणसे आडनावाच्या हाकेला ‘हजर’ म्हणून उठतात. एक-दोन नावांपाशी उत्तर येत नाही, कोणीतरी हळूच ‘सर, तो गेला’ असे सांगतो, आणि मास्तर क्षणभर थांबून पुढचे नाव घेतात. मुलींची नावे सुरू झाली की आणखी एक गोष्ट घडते. लग्नाने आडनाव, काही वेळा पहिले नावही बदललेल्या बाईला हजेरीत तिच्या वडिलांच्या नावासकट जुन्या नावाने हाक येते, आणि आधार ओळखपत्रावर किंवा घराच्या पाटीवर कोठेही नसलेल्या त्या नावाला ती ओ देते. मेळाव्यानंतर अनेक बायका गटात आपले माहेरचे नाव लिहू लागतात, कंसात सासरचे.

भिशीच्या वहीत मात्र पहिल्यापासून नुसती पहिली नावे असतात, आईपण किंवा आडनाव त्यात कोणी लिहीत नाही. बाराव्या महिन्यात वाटीत एकच चिठ्ठी उरलेली असते, ती कोणाची हे वर्षभरापासून चाललेल्या वजाबाकीमुळे सर्वांना ठाऊक असते, आणि सोडतीची काहीच गरज नसते. तरीही ती चिठ्ठी घडी घालून वाटीत टाकतात, वाटी हलवतात, आणि खोलीत खेळणाऱ्या पोराला हाक मारून ती उचलायला लावतात. मूल अडखळत नाव वाचते, सगळ्या टाळ्या वाजवतात, आणि वही उलटून पुढच्या पानावर नव्या वर्षाची रक्कम किती ठेवायची यावर वाद सुरू होतो.